उसना नर

गाठीचा निकाल यायचा होता त्या आठवड्यात ग्लेनिसने घरातल्या सगळ्या चादरी धुतल्या, पडदे धुतले, आणि पडदे वाळायच्या आत पुन्हा चादरींना हात घातला. तिचा नवरा रॉय चहाचा मग छातीशी धरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरकत राहिला.

"आता मला तेवढं दोरीवर टाकू नकोस म्हणजे मिळवलं," तो म्हणाला.

"तुला धुऊन काय निघणार आहे?" ग्लेनिस म्हणाली आणि पुन्हा मागच्या अंगणात गेली. तिथे खुराड्यात, गवताच्या गादीवर, नॉबी स्वतःच्या शेपटीत नाक खुपसून झोपला होता. पोटाखालचे टाके सुकत आले होते. तिने जाळीतून बोट घातलं. त्याने झोपेतच ते एकदा चाटलं आणि सोडून दिलं. एवढ्याने तिचा जीव दोन मिनिटं थाऱ्यावर यायचा, की पुन्हा पाय चालायला लागायचे.

नॉबी म्हणजे पांढरा, लाल डोळ्यांचा फेरेट. मुंगसासारखा लांबुडका, अंगाने मऊ, वासाने उग्र. थॉर्नबेकसारख्या डोंगरातल्या गावात दर चौथ्या घरामागे फेरेटचं खुराडं असतं. हिवाळ्यात त्यांना सशांच्या बिळात सोडायचं, बिळांच्या तोंडांना जाळ्या लावायच्या आणि थंडीत नाक पुसत उभं राहायचं, हा इथल्या पुरुषांचा धर्म. बायका ते चार महिने नावं ठेवतात आणि उरलेले आठ महिने त्याच जनावरांना मांडीवर घेऊन बसतात.

पण नॉबी नुसता घरचा फेरेट नव्हता, तो गावचा होता. त्याचं असं आहे, फेरेटची मादी वसंतात माजावर आली की नर मिळेपर्यंत तो माज उतरतच नाही. तसाच चालू राहिला तर अंगातलं रक्त पातळ होत जातं आणि ती मरते. पिल्लं तर सगळ्यांनाच हवी असतात असं नाही. मग गाव एक नर असा ठेवतं की ज्याच्या बीजाच्या नळ्या डॉक्टरने कापून टाकलेल्या असतात. बाकी सगळं शाबूत. तो आपलं काम चोख करतो, मादी शांत होते, पिल्लं होत नाहीत. मधले काही आठवडे तिला खोटे डोहाळे लागतात, पोट सुटतं, अंगावरचे केस उपटून ती बाळंतिणीसारखं घरटं करते, आणि मग एक दिवस सगळं विसरून खायला मागते. असा नर वसंतात या घरून त्या घरी उसना जातो, आणि परत येताना पेटीबरोबर जॅमची बरणी येते, नाहीतर अंडी.

रॉय म्हणायचा, "गावात एवढा मान मला कधी मिळाला नाही."

"तुला कोणी उसना मागितला नाही," ग्लेनिस म्हणायची.

सरळ खच्चीकरणच का करत नाहीत, असं बाहेरचे लोक विचारतात. ग्लेनिसने ते करून पाहिलं होतं. लहानपणीच अंडकोश काढलेल्या तिच्या पहिल्या दोन्ही फेरेटना पुढे मूत्रपिंडाच्या डोक्यावर गाठी आल्या, शेपटीपासून वर केस गळत गेले, आणि शेवटी ती सोललेल्या बटाट्यासारखी दिसायला लागली. तिसरीला स्वादुपिंडात गाठ झाली. ती बिचारी चालता चालता थांबायची, भिंतीकडे बघत राहायची, तोंडातून लाळ. हिरड्यांना मध चोळला की जागी व्हायची. ग्लेनिसच्या एप्रनच्या खिशात वर्षभर मधाची बाटली होती, आणि एका सकाळी मध चोळूनही ती जागी झाली नाही. म्हणून नॉबीच्या वेळी कॅट्रिनने, म्हणजे गावच्या पशुवैद्य बाईंनी, फक्त नळ्या कापल्या होत्या. म्हणून ग्लेनिस दर संध्याकाळी त्याला उलटा धरून मानेपासून शेपटीपर्यंत बोटांनी चाचपायची. आणि म्हणूनच मेच्या शेवटी त्याच्या उजव्या अंडाला वाटाण्याएवढी कठीण गाठ तिच्याच बोटांना लागली.

कॅट्रिनने दोन्ही बाजू काढल्या आणि काढलेलं शहरात तपासायला पाठवलं.

यंदा नॉबी वसंतभर कामावर होता. एप्रिलमध्ये वरच्या गल्लीतल्या हेडली बूथरॉइडकडे, मग मॅव्हिसकडे, मग चर्चमागच्या जुळ्या बहिणींकडे. हेडलीकडून परत आला तेव्हापासून तो बदलला होता. आधी चावरा होता, ग्लेनिसच्या अंगठ्यावर त्याच्या दातांचे व्रण होते. आता मांडीवर येऊन बाहीत शिरायचा. "दमला असेल," ती म्हणाली होती. रॉय म्हणाला होता, "नर घराबाहेर पाठवला आणि शिस्त लागून परत आला. मलाही हेडलीकडे पाठव."

ती तेव्हा हसली होती. आता हसू येत नव्हतं. हा नवा, बाहीत शिरणारा नॉबी तिला फार आवडायला लागला होता, आणि आवडायला लागल्यावरच गाठ सापडली होती.

फोन आला तेव्हा ती बटाटे सोलत होती. कॅट्रिन म्हणाली, "ग्लेनिस, येऊन जाता का? फोनवर सांगण्यापेक्षा दाखवते."

"वाईट आहे का?"

"या तर खरं."

रॉय गाडीची किल्ली शोधायला लागला, तेवढ्यात ग्लेनिस एप्रनसकट फाटकाबाहेर पडलीसुद्धा.

दवाखान्यात कॅट्रिनने तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. ग्लेनिस लगेच उठून उभी राहिली. संगणकाच्या पडद्यावर गुलाबी-जांभळं काहीतरी पसरलं होतं.

"ही त्याच्या अंडाची चकती. केसाहून पातळ कापतात, रंग देतात आणि भिंगाखाली बघतात. हा भाग निरोगी." कॅट्रिनने बोट ठेवलं. गोल गोल नक्षी एकीला एक चिकटून, जणू क्रोशाने विणलेला रुमाल. प्रत्येक गोलाच्या काठाला जांभळ्या ठिपक्यांची दाट ओळ, मधे विरळ. "आणि आता इकडे बघा."

चित्र सरकलं. रुमाल उसवला. गोल नक्षी संपली आणि त्यांच्या जागी मोठमोठ्या पेशी, एकमेकींना खेटून, रांग नाही, ओळ नाही. प्रत्येकीच्या मधे एक मोठा फिकट गोळा आणि त्या गोळ्यात एक गडद ठिपका, डोळ्यातल्या बुबुळासारखा. ग्लेनिसला वाटलं, बेडकाची अंडी बघतायत आपल्याकडे.

"बीज तयार करणाऱ्या पेशीच बिथरल्यात," कॅट्रिन म्हणाली. "ही बघा, एकीच्या दोन होतायत. ही पण. घाईत आहेत."

"पण तुम्ही काढलीत ना सगळी?"

कॅट्रिनने चित्र आणखी सरकवलं. कडेला एक काळी, जाड, ओबडधोबड रेघ आली. "ही शाई. मी जिथे कापलं त्या कडेला चकती करण्याआधी शाई लावतात. पेशी शाईपासून लांब असल्या तर सगळं निघालं असं समजायचं. फेरेटमध्ये ही गाठ बहुतेकदा जागच्या जागी राहते, काढली की संपलं. पण इथे..."

ग्लेनिसने पाहिलं. बेडकाची अंडी रेघेपर्यंत आली होती. दोन-तीन तर शाईला टेकूनच बसली होती.

"म्हणजे आत राहिल्यात."

"राहिल्या असतील. जांघेतून वर पोटापर्यंत जाऊन अंडाची नळी-शिरांची दोरी पूर्ण काढावी लागेल, जवळची लसीका ग्रंथीही. लवकर. मग तो वाचायची शक्यता चांगली आहे. नाहीतर फार तर हा उन्हाळा काढेल."

"मग उद्याच करा."

"करेन. पण त्याआधी हे बघा." कॅट्रिनचा आवाज बदलला. पडद्यावर आता एक जाड भिंतीची नळी होती. मधलं तोंड चांदणीच्या आकाराचं, आणि त्यात असंख्य बारीक काळे टिंब, शेपट्यांसकट, गर्दी करून.

"हे काय?"

"बीजाची नळी. दुसऱ्या बाजूचीही अशीच आहे. अखंड. आत बीज भरलेलं. कुठे वण नाही, बांधल्याची खूण नाही." कॅट्रिन तिच्याकडे वळली. "ग्लेनिस, नॉबीच्या दोन्ही नळ्यांचा तुकडा मी या हातांनी कापलाय. बरोबर याच जागी."

"परत जुळल्या असतील."

"दोन्ही? वण न ठेवता?"

ग्लेनिस अखेर खुर्चीत बसली. बाहेर कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता. एप्रिल, हेडली, बाहीत शिरणारा नॉबी, हे सगळं तिच्या डोक्यात एकामागून एक येऊन उभं राहिलं. नॉबी आणि हेडलीचा क्लेम, एकाच वेताचे भाऊ. दोघेही पांढरे, दोघांचे डोळे लाल, माजाच्या दिवसांत दोघेही तेलकट पिवळे. हेडलीकडून पेटी आली, तिने उघडली, पांढरा फेरेट निघाला, आणि तिने त्याला नॉबी म्हटलं.

"अरे देवा," ती म्हणाली. "मी हेडलीचा वळू बैल करून ठेवला."

कॅट्रिनने हसू दाबायचा प्रयत्न केला. तो फसला. मग दोघी हसल्या, आणि हसता हसता ग्लेनिसला मॅव्हिस आठवली. मॅव्हिस कालच म्हणाली होती, आमच्या डॉलीला यंदा खोटे डोहाळे फारच लागलेत गं, पोट जमिनीला टेकतंय.

"म्हणजे ते खोटे नाहीत," ग्लेनिस म्हणाली.

"नाहीत. पण ते राहू दे." कॅट्रिन गंभीर झाली. "दुसऱ्या ऑपरेशनला मला मालकाचा होकार लागेल. खऱ्या मालकाचा."

आता ग्लेनिसचं हसू पार गेलं.

हेडली बूथरॉइड पंचाहत्तरीचा, बायको गेलेली, आवाज दगडी भिंतीसारखा. पबमध्ये तो वर्षानुवर्षं एकच सांगायचा. फेरेट म्हणजे अवजार. अवजार मोडलं की फेकायचं. आजारी फेरेट डॉक्टरकडे नेणारे लोक उद्या फावड्याचाही ताप बघतील. माझ्या बापाने आजारी फेरेट डोक्यात काठी घालून मोकळा केला, मीही तेच करतो. त्याला आता सांगायचं की तुमचा क्लेम माझ्याकडे आहे, त्याचे अंडकोश मी काढून टाकलेत, आणि आत गाठीच्या पेशी आहेत? तो म्हणेल, आण इकडे. आणि काठी उचलेल.

आणि नाही सांगितलं तर कॅट्रिन हात लावणार नाही.

वरची गल्ली चढताना ग्लेनिस तीनदा थांबली, एकदा तर चक्क परत फिरली. डोंगरावरून धुकं उतरत होतं. खोटं काय बोलता येईल ते ती जुळवत होती. मी विकत घेते म्हणावं. बदल्यात नॉबी ठेवा म्हणावं. नाहीतर काहीच न बोलता नॉबीच मागून आणावा, मग क्लेम गेला कुठे हे... छे. प्रत्येक खोट्याच्या शेवटी हेडलीचा हात पसरलेला दिसत होता.

हेडली अंगणात नव्हता. ती थेट खुराड्यांपाशी गेली. टोकाच्या खुराड्यात पांढरा नर उभा राहून जाळी हुंगत होता. तिने बोट पुढे केलं. त्याने क्षणभरही विचार न करता कडकडून चावा घेतला.

"नॉबी, मेल्या!" ती बोट तोंडात घालून म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं, ते दुखण्याचं होतं की ओळखीचं, तिलाही कळलं नाही.

"कोण आहे तिकडे?" हेडली शेडमधून बाहेर आला. "अगं पोरी, तू होय. दुसऱ्याच्या जनावराला बोट कशाला देतेस?"

ग्लेनिसने तोंड उघडलं. पाठ केलेलं सगळं जागेवर होतं. पण तिची नजर बाकीच्या खुराड्यांवरून फिरत होती. एक मादी पाय पसरून झोपलेली. दुसरी पाणी पीत असलेली. दोघींचीही पोटं सपाट. जून निम्मा सरला होता. दर वर्षी या दिवसांत हेडलीकडे पिल्लांचा चिवचिवाट असायचा, आणि पबमध्ये त्याच्या जातिवंत वंशाची पोथी सुरू असायची.

"यंदा पिल्लं नाहीत तुमच्याकडे?"

"मन नव्हतं."

"माद्या नॉबीला दाखवल्यात ना? शांत झाल्या. पण क्लेम एकीलाही लावला नाहीत."

"म्हटलं ना, मन नव्हतं." हेडलीने जमिनीवरचा एक खिळा उचलला आणि बघत राहिला.

ग्लेनिस हिशोब करत होती. हा माणूस सोळा वर्षांचा असल्यापासून फेरेट हातात घेतोय. अंधारात, नुसत्या हाताच्या वजनावरून कुठलं जनावर आहे ते सांगतो. मी चुकेन. हा पेटीत चुकीचा भाऊ घालेल?

"हेडली," ती म्हणाली, "तुमची चूक झाली नाही."

 एक कोंबडी दोघांच्या मधून निघून गेली.

"कसा आहे तो?" त्याने अखेर विचारलं, खिळ्याला.

"तुम्हाला गाठ माहीत होती."

"मार्चमध्ये लागली हाताला. तांदळाएवढी होती." त्याने खिळा खिशात टाकला. "काठी घेऊन भिंतीमागे गेलो होतो. तो बाहीत शिरला. कोपरापर्यंत गेला आणि झोपला. आता बाहीत काठी कशी मारायची, सांग. दुसऱ्या दिवशी परत गेलो. परत तेच."

"मग डॉक्टरकडे न्यायचं होतंत!"

"मी? त्या दवाखान्यात? मॅव्हिस बसलेली असते तिथे मांजर घेऊन. संध्याकाळपर्यंत पबमध्ये पोचलं असतं."

"म्हणून माझ्या गळ्यात घातलात?"

"तू रोज चाचपतेस. सगळ्या गावाला माहीत आहे. म्हटलं, हिच्या हाताला लागल्याशिवाय राहणार नाही. आणि लागलं की तू स्वस्थ बसणार नाहीस."

ग्लेनिसला इतका राग आला की ती एक पाऊल पुढे गेली आणि मग काय करायचं ते न सुचून परत मागे आली. "माझी झोप गेली, माणसा! मी माझाच मरतोय म्हणून रडले! आणि गावभर त्याला फिरवला मी. मॅव्हिसची डॉली बघा जाऊन, भोपळा झालाय तिचा. त्या जुळ्या बहिणींच्या मादीचा पण!"

हेडलीचा चेहरा उजळला. "डॉली? चांगली मादी आहे ती. लांब पाठ. पिल्लं झकास होतील."

"लाज नाही वाटत?"

"वाटते," तो म्हणाला, आणि टोपी काढून पुन्हा घातली. "कसा आहे तो? तेवढं सांग ना."

मग तिने सांगितलं. गोल नक्षी आणि उसवलेला रुमाल. काळी रेघ आणि रेघेला टेकलेल्या पेशी. पोटापर्यंत जावं लागेल, तुमचा होकार लागेल. बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला. "आणि नाही म्हणालात ना, तर ती काठी आधी मला मारावी लागेल."

"अंडकोश काढले म्हणतेस."

"दोन्ही."

"म्हणजे वंश संपला त्याचा." हेडली डोंगराकडे वळला. मग खाकरला. "डॉलीपासून पुढे चालेल. जा, सांग त्या बाईला. नको, थांब. मीच येतो. कोट घालू दे."

"मॅव्हिस असेल तिथे."

"असू दे. तिच्याशी पिल्लांचं बोलायचंच आहे."

मॅव्हिस होती. मांडीवर मांजर, तोंडात गोळी, आणि डोळे बशीएवढे. "हेडली बूथरॉइड! फावड्याला ताप आला वाटतं?"

"तुझी डॉली बाळंत होईल आठवड्यात," हेडली म्हणाला आणि तिच्या शेजारीच बसला. मॅव्हिसच्या तोंडातली गोळी मांजरावर पडली. पुढचा पाव तास दवाखान्यात जे बोलणं झालं, त्यात ग्लेनिसचं नाव बऱ्याचदा आलं, पण ती ऐकायला थांबली नाही. ती बाहेर फरसबंदीवर येरझारा घालत होती.

ऑपरेशन झालं. क्लेम जागा झाला, अडखळत चालला, कच्च्या अंड्याचा बलक चाटला. कॅट्रिनने कातडीखाली औषधाची बारीक कांडी घातली, पुढे मूत्रपिंडाच्या डोक्यावर गाठ येऊ नये म्हणून. त्याला कुठे न्यायचं यावर दारातच भांडण झालं. शेवटी तो हेडलीच्या स्वयंपाकघरात गेला, चुलीशेजारच्या टोपलीत. नॉबी घरी आला आणि पहिल्याच दिवशी रॉयला चावला. ग्लेनिस सकाळ-संध्याकाळ वरची गल्ली चढायला लागली. कधी टाके बघायला, कधी त्याने किती खाल्लं ते विचारायला. हेडली म्हणायचा, "अगं पोरी, बस तरी घटकाभर." पण तोही बसत नव्हता. टोपलीपासून दारापर्यंत, दारापासून टोपलीपर्यंत. दोन माणसं एका छोट्या स्वयंपाकघरात एकमेकांना वाट देत फिरत होती, आणि मधे क्लेम डाराडूर झोपलेला.

दुसरा निकाल आला तेव्हा दोघं एकत्रच गेले. हेडलीने चष्मा पुसून घातला आणि पडद्याला नाक लावलं. तोच गुलाबी-जांभळा रंग. चरबीचे रिकामे फुगे, रक्तवाहिन्या, स्नायूंचे पट्टे. लसीका ग्रंथी, तिच्यात लहान लहान गडद दाणे मोहरीसारखे दाट भरलेले, आणि सगळे एकसारखे.

"ही लसीका ग्रंथी. हे दाणे तिचे स्वतःचे, असायलाच हवेत," कॅट्रिन म्हणाली. "आणि ही शाईची रेघ. इथपर्यंत त्या बिथरलेल्या पेशी पोचल्याच नाहीत. एका जागी त्यांचा छोटा पुंजका सापडला, हा, पण तो रेघेपासून केवढा तरी आत आहे. सगळं निघालंय असं दिसतंय. चांगली बातमी आहे, हेडली."

ग्लेनिस निघायला वळली. 

हेडलीने मात्र मान हलवली नाही. "त्या कोपऱ्यात काय आहे?"

"चरबी."

"आणि त्याच्या पलीकडे?"

"काही नाही. चकती संपली."

"नीट बघितलंस का? बिळात ससा नाही असं मी कधी म्हणत नाही, सगळी तोंडं बघितल्याशिवाय. एखादं तोंड झुडपात असतं, आणि तिथूनच निघून जातो."

"तपासणाऱ्यांनी बघितलंय सगळं," कॅट्रिन म्हणाली.

"त्यांनी बघितलं. मी नाही बघितलं."

कॅट्रिनने ग्लेनिसकडे पाहिलं. ग्लेनिसने सांगावं की चला आता, एवढीच तिची अपेक्षा असावी. बाहेर रांग लागली होती. पण ग्लेनिसने शेजारची खुर्ची ओढली, हेडलीच्या खांद्याला खांदा लावून बसली, आणि म्हणाली, "डावीकडून सुरू करा, कॅट्रिन. हळू."